छतावर ३.३ किलोवॅट सोलर आहे, आता इलेक्ट्रिक गाडी येतेय. घरी चार्जिंगसाठी नक्की काय बदलायचं?

करवीर_काठ

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात स्वतंत्र घर. महावितरणचं सिंगल फेज कनेक्शन, मंजूर भार ३ किलोवॅट. छतावर ५५० वॅटची सहा पॅनेल, ३ किलोवॅटचा ग्रिड-टाय (महावितरणच्या लाइनला जोडून चालणारा) इन्व्हर्टर, नेट मीटर बसलेला. सबसिडी घेऊन झाली आहे. घराचा वापर महिन्याला सरासरी २३० युनिट.

पुढच्या महिन्यात नेक्सॉन ईव्ही येतेय, ४५ किलोवॅट-अवर बॅटरीची. रोज कागल एमआयडीसीला जाऊन-येऊन ४५ किमी, सुट्टीची भटकंती धरून महिन्याला १४०० किमी. गाडी सकाळी आठ ते संध्याकाळी सहा घराबाहेर. म्हणजे ऊन असतं तेव्हा गाडी कंपनीच्या पार्किंगमध्ये आणि गाडी घरी येते तेव्हा सूर्य मावळलेला.

१) अशा वेळी सोलरचा गाडीला उपयोग काय? दिवसाची वीज साठवायला बॅटरी घ्यावी का?
२) पॅनेल वाढवावी लागतील का, किती?
३) ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स (भिंतीवरचा कायमचा चार्जर) लावू की १५ अँपिअरचा पोर्टेबल चार्जर पुरे? डीलरकडचा माणूस म्हणतो, "एसीसारखा एक पॉइंट काढून ठेवा, झालं."
४) लाइट गेल्यावर सोलरवर गाडी चार्ज होईल का?

---

उन्हाचा_हिशेब

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या मीटरमध्येच आहे. नेट मीटर असल्यावर दुपारी बाहेर गेलेलं एक युनिट रात्री आत आलेल्या एका युनिटला फिटतं. गाडी दिवसा घरी असो वा नसो, महिनाअखेरीच्या बिलात काही फरक पडत नाही. बॅटरीवर खर्च अजिबात करू नका. बॅटरीत वीज घालून परत काढताना दहा-पंधरा टक्के वाटेतच जाते, आणि महावितरण हेच काम तुम्हाला फुकट करून देतंय.

आता आकडे. गाडी युनिटमागे किती पळते हे डॅशबोर्डवर बघू नका, तिथे बॅटरीतून गेलेली वीज दिसते. भिंतीतून घेतलेली वीज दहा ते पंधरा टक्के जास्त असते (ऑनबोर्ड चार्जरची उष्णता, गाडीचा पंप, १२ व्होल्टची बॅटरी). सॉकेटपाशी मोजलं तर या गाडीला युनिटमागे साधारण साडेसहा किमी धरा. १४०० किमीला २१५ युनिट. घराचे २३० मिळवले की ४४५, वर्षाला सुमारे ५,३४०.

तुमच्या भागात किलोवॅटमागे रोजचे सरासरी ४ युनिट धरायला हरकत नाही. ३.३ किलोवॅटचे वर्षाला ४,८०० च्या आसपास होतात. तूट पाच-साडेपाचशे युनिटची. ५५० वॅटचं एक पॅनेल वर्षाला ८०० युनिट देतं. म्हणजे तुम्हाला हवंय ते एक पॅनेल. विक्रेता चार घ्यायला सांगेल, ऐकू नका. कारण पुढे आहे.

शिल्लक युनिट महिन्याकडून महिन्याकडे पुढे जातात, पण फक्त ३१ मार्चपर्यंत. त्या दिवशी उरलेलं सगळं वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेतलं जातं आणि तो दर तुम्ही वीज ज्या भावाने घेता त्याच्या खूप खाली असतो. आपल्याकडे गंमत अशी की पावसाळा या एप्रिल-ते-मार्च वर्षाच्या सुरुवातीलाच येतो. एप्रिल-मे मध्ये भरपूर वीज तयार होते, पण पंखे-कूलरही तेव्हाच फिरतात. जुलै-ऑगस्टमध्ये किलोवॅटमागे दोन-सव्वादोन युनिटच मिळतात, तेव्हा महिन्याला दोनशे-सव्वादोनशेची तूट येणार आणि बिलही येणार. मग ऑक्टोबर ते मार्च जी शिल्लक साठते ती पुढच्या पावसाळ्याला उपयोगी पडत नाही, मार्चअखेरच स्वस्तात जाते. म्हणून जास्तीची पॅनेल लावून पावसाळ्याची तूट भरायची कल्पना आपल्याकडे जमत नाही. फेब्रुवारीत बिलावर शिल्लक दिसली तर मार्चमध्ये बाहेरच्या फास्ट चार्जरवर जाऊ नका, सगळं चार्जिंग घरी करा, एवढंच.

सातवं पॅनेल जोडताना:

– पॅनेलचं ओपन सर्किट व्होल्टेज (भार नसतानाचं) ५० धरलं तर सात पॅनेलचे ३५०, थंडीतल्या पहाटे अजून पाच टक्के वर. तुमच्या इन्व्हर्टरची कमाल डीसी मर्यादा (बहुधा ५५० किंवा ६००) त्याच्या बरीच वर आहे. तरी लेबल वाचा.
– ३.८५ किलोवॅट पॅनेल आणि ३ किलोवॅट इन्व्हर्टर हे प्रमाण १.२८ होतं. चालतं. एप्रिलच्या दुपारी थोडी वीज कापली जाईल, वर्षाच्या हिशेबात ती नगण्य.
– जुन्या स्ट्रिंगमध्ये (पॅनेलच्या माळेत) नवं पॅनेल घालताना वॅट नव्हे, करंट जुळवा. एकसर जोडणीत सगळ्यात कमी करंटचं पॅनेल बाकी सगळ्यांना मागे ओढतं. टाकीची सावली पडणाऱ्या जागी सातवं पॅनेल लावलंत तर सहाचं उत्पादनही घटवू शकाल.
– महावितरणला न कळवता लावू नका. नेट मीटरचा करार ठरावीक क्षमतेचा असतो. १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यतेचा वेगळा अभ्यास लागू नये असा नियम केंद्राने २०२४ मध्ये केला आहे, त्यामुळे अर्जाला फार त्रास नाही.
– सबसिडी विसरा. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला ३०,००० प्रत्येकी आणि तिसऱ्याला १८,००० मिळून ७८,००० ही कमाल आहे. तीनच्या वर एक रुपयाही नाही.

वायरिंगचं मी बोलत नाही, ते जाणकारांनी बोलावं.

---

अर्थिंग_आधी

"एसीसारखा पॉइंट" हे वाक्य ऐकलं की अंगावर काटा येतो. दीड टनाचा एसी ७-८ अँपिअर घेतो आणि कॉम्प्रेसर मधेमधे बंद पडतो. गाडी १४ अँपिअर घेते, सलग, न थांबता, सहा-आठ-दहा तास. घरातला मॉड्युलर १६ अँपिअरचा सॉकेट त्यासाठी बनलेला नाही. आतली पितळी पकड महिन्या-दोन महिन्यांत सैल होते, सैल जागी उष्णता, उष्णतेने पकड अजून सैल. पहिल्यांदा पिन काळी पडते, मग प्लास्टिक पिवळं, मग वास. सॉकेटच्या शेजारचा स्विचही तसाच, त्याचे पॉइंट जळतात.

१५ अँपिअरचा पोर्टेबल चार्जर म्हणजे साधारण ३.३ किलोवॅट. त्यासाठी माझी यादी:

मीटरजवळच्या मेनपासून गाडीपर्यंत स्वतंत्र लाइन. दुसरा कुठलाही पॉइंट त्यावर नको. ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, फेज-न्यूट्रल-अर्थ तिन्ही तांब्याच्या. अडीच एमएम २५ मीटरवर १४ अँपिअरला पाचेक व्होल्ट खाते, जळत नाही, पण उन्हाळ्यात पत्र्याखालच्या पाइपात ती तापतेच. वायर एकदाच ओढायची असते, तिथे कंजूषपणा करू नका. पुढेमागे ७.२ चा विचार असेल तर आत्ताच १० एमएम ओढून ठेवा आणि मोठा पाइप टाका.

सॉकेट मेटलक्लॅड (धातूच्या पेटीतला) किंवा निळा इंडस्ट्रियल. पोर्टेबलची पिन साधी तीन पिनची असते, तेव्हा मेटलक्लॅडचा २० अँपिअरचा सॉकेट घ्या ज्यात ती पिन घट्ट बसेल. तारेच्या टोकाला पिन लग दाबून मगच स्क्रू आवळा. गाडी एक तास चार्ज झाली की सॉकेटला तळहात लावून बघा. कोमट चालेल, हात काढावासा वाटला तर चार्जिंग बंद. दोन आठवड्यांनी स्क्रू पुन्हा एकदा आवळा, तांबं दबतं. एक्स्टेंशन बोर्ड वापरायचा नाही, एका रात्रीपुरताही नाही.

२० अँपिअर डबल पोल सी-कर्व्ह एमसीबी (जास्त करंटला पडतो तो), आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंटची गळती ओळखून वीज तोडते ती). इथे लोक पैसे वाचवतात, म्हणून कारण सांगतो. आपल्याकडे घराची अर्थिंग म्हणजे आपण खणलेला खड्डा. तो अगदी उत्तम, ५ ओहमचा असला तरी फेज गाडीच्या बॉडीला टेकल्यावर २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअरच वाहणार. २० च्या सी-कर्व्ह एमसीबीला झटक्यात पडायला १०० ते २०० अँपिअर लागतात. म्हणजे एमसीबी बराच वेळ बघत बसेल आणि तोवर बॉडीत करंट. जीव वाचवते ती आरसीसीबी.

आणि तीही टाइप ए. दुकानात नुसती "आरसीसीबी द्या" म्हटलं की बहुतेकदा टाइप एसी (फक्त एसी गळती ओळखणारी) हातात येते. गाडीच्या चार्जरमधून डीसी गळती झाली तर टाइप एसीचा गाभा त्या डीसीने बधिर होतो आणि खऱ्या फॉल्टला ती पडतच नाही. टाइप ए घ्या, आणि चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअर डीसी ओळखण्याची सोय आहे का ते माहितीपत्रकात बघा. नसेल तर टाइप बी लागते, ती महाग.

आता अर्थिंग. सोलरवाल्याने तीन खड्डे केले असतील: पॅनेलच्या स्ट्रक्चरचा, इन्व्हर्टरच्या एसी बाजूचा, आणि वीजरोधकाचा (आकाशातली वीज जमिनीत नेणारा). तिसऱ्याला गाडीची अर्थिंग चुकूनही जोडू नका. गाडीसाठी ३ मीटरचा कॉपर बाँडेड रॉड, भोवती बॅकफिल कंपाउंड, बाकीच्या खड्ड्यांपासून निदान तीन मीटर लांब. खाली काळा पाषाण लागला तर आडवी पट्टी पुरण्यापेक्षा बोअर मारून खोल जा. रीडिंग मे महिन्यात घ्या. पावसाळ्यात कुठलीही अर्थिंग चांगलीच दिसते.

शंभरचा बल्ब फेज आणि अर्थमध्ये लावून "बघा साहेब, फुल पेटतोय" असं दाखवणाऱ्या वायरमनला चहा पाजून घरी पाठवा. शंभरचा बल्ब जेमतेम ०.४३ अँपिअर घेतो. ५० ओहमच्या टाकाऊ अर्थिंगवर त्याचे फक्त बावीसेक व्होल्ट पडतात आणि बल्ब झक्क पेटतो. अर्थ टेस्टरने मोजा, ५ ओहमच्या आत यायला हवं. शिवाय गाडी चार्ज होत असताना न्यूट्रल आणि अर्थमध्ये व्होल्टेज मोजा. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर न्यूट्रल कुठेतरी सैल आहे किंवा वायर बारीक आहे. बहुतेक पोर्टेबल चार्जर अर्थ तपासतात आणि नसेल तर लाल दिवा लावून बसतात. तो चार्जरचा बिघाड नसतो.

---

जमवून_घेऊ

लाल दिव्याला सोपा उपाय आहे. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एका छोट्या तुकड्याने जोडायचे. घरच्या बॅटरी इन्व्हर्टरवर पण गाडी लगेच चार्ज व्हायला लागते. यूट्यूबवर आहे व्हिडिओ.

---

अर्थिंग_आधी

भाऊ, हा सल्ला काढून टाका. त्या तुकड्यामुळे चार्जर फसतो, अर्थिंग होत नाही. उद्या मागे कुठे न्यूट्रल तुटला, किंवा कोणी फेज-न्यूट्रल उलटा जोडला, की त्याच तुकड्यातून २३० व्होल्ट थेट गाडीच्या पत्र्यावर येतात. पावसात अनवाणी दार उघडणाऱ्याचं काय होईल? शिवाय आरसीसीबीच्या पुढे न्यूट्रल-अर्थ एकत्र केले की ती एक तर सारखी पडते किंवा लोक वैतागून तिला काढूनच टाकतात.

घरच्या इन्व्हर्टरवर गाडी का चालत नाही हेही बघा. बॅटरी मोडमध्ये त्याचा न्यूट्रल अर्थशी बांधलेला नसतो, तरंगता असतो, म्हणून चार्जर अर्थ नाही समजतो. छोट्या जनरेटरवरही हेच. आणि मुळात १५० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १.८ युनिट, त्यातलं हाती लागतं एखादं. त्यात गाडी सहा-साडेसहा किमी जाईल आणि बॅटरी झोपेल.

---

करवीर_काठ

मनापासून आभार. सातवं पॅनेल आणि स्वतंत्र लाइन पक्की. ७.२ आणि लाइट गेल्यावरचं राहिलं. मंजूर भार ३ चा किती करू? इन्व्हर्टर ॲपवर दुपारी मधेमधे "ग्रिड ओव्हरव्होल्टेज" येतं, त्याचा याच्याशी काही संबंध?

---

उन्हाचा_हिशेब

७.२ ची गरज नाही. तुमचा रोजचा खर्च सात युनिट, ३.३ वर अडीच तासांत परत भरतो. रिकामी गाडी पूर्ण भरायला पंधरा तासांच्या वर लागतील हे खरं, पण लांबच्या प्रवासाआधी दोन रात्री हाताशी असतातच. ७.२ म्हणजे ३२ अँपिअर. सिंगल फेज जोडणी साधारण ४० अँपिअरपर्यंतच मिळते. गाडी लागलेली असताना कोणी गीझर लावला (२ किलोवॅट, ९ अँपिअर) की मेन पडलाच. ७.२ हवाच असेल तर थ्री फेज घ्या.

३.३ साठी मंजूर भार ६-७ किलोवॅट करून घ्या. गाडी रात्री ११ नंतर सुरू होईल अशी वेळ गाडीच्या ॲपमधून लावली तर गीझर-मिक्सर-इस्त्रीशी तिची गाठ पडत नाही. जोडणीचा भार वाढवला म्हणून घरातली जुनी मेन वायर आपोआप जाड होत नाही, मीटरपासून मेनपर्यंत किती एमएमची आहे ते बघा. ४ ची असेल तर १० करा.

टीओडी मीटर (वेळेप्रमाणे वेगळा दर लावणारा) बसला असेल तर एक गणित बदलतं. जुलै २०२५ पासून घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेला युनिटमागे ८० पैशांपासून १ रुपयापर्यंत सवलत आहे. सोलरवाल्यांनी बिलावर वेळेच्या कप्प्यांप्रमाणे आयात-निर्यात कशी वजा केलीय ते एकदा नीट वाचावं आणि त्यावरून सुट्टीच्या दिवशी दुपारी चार्ज करायचं का ते ठरवावं.

ओव्हरव्होल्टेजचा संबंध आहे. तुम्ही बहुधा ट्रान्सफॉर्मरपासून लांब, लाइनच्या शेवटाकडे आहात. दुपारी घरात भार नसतो, सोलर वीज बाहेर ढकलतं, आणि ढकलायला व्होल्टेज वर न्यावं लागतं. मर्यादा ओलांडली की इन्व्हर्टर बंद, थोड्या वेळाने पुन्हा चालू. प्रत्येक वेळी उत्पादन बुडतं. रविवारी दुपारी गाडी लावलीत तर ती ३ किलोवॅट तिथेच खाईल आणि व्होल्टेज खाली येईल. कायमचा उपाय म्हणजे इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची केबल जाड करणं आणि तरी थांबलं नाही तर महावितरणकडे ट्रान्सफॉर्मरच्या टॅपची (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या जोडणीची) तक्रार. ॲपवरचे व्होल्टेजचे आलेख सोबत जोडा. इन्व्हर्टरची मर्यादा वाढवून घेणं हा उपाय नाही, त्याने घरातली उपकरणं मरतात.

---

अर्थिंग_आधी

लाइट गेल्यावर: नाही होणार. ग्रिड-टाय इन्व्हर्टर लाइन गेली की दोन सेकंदांच्या आत बंद पडतो, कडक ऊन असलं तरी. पडायलाच हवा, नाहीतर खांबावर चढलेला लाइनमन तुमच्या छताच्या विजेने मरेल. हायब्रिड (बॅटरीवरही चालणारा) इन्व्हर्टर घेतला तरी त्याचं बॅकअप आउटपुट ३ किलोवॅटचं असेल तर ३.३ ची गाडी त्याला पेलत नाही, ढग आला की सगळा भार बॅटरीवर. गाडीतच ४५ युनिटची बॅटरी असताना चार तासांच्या लोडशेडिंगची काळजी कशाला करायची? संध्याकाळी २० टक्क्यांवर आणून ठेवू नका म्हणजे झालं.

आणखी एक, इन्व्हर्टरमधून येणारी सोलरची लाइन डीबीत (घरातल्या एमसीबींच्या पेटीत) कुठे जोडलीय ते उघडून बघा. पुष्कळ ठिकाणी ती डीबीतल्या रिकाम्या एमसीबीवर ठोकलेली असते. मग पेटीतल्या बसबारला (एमसीबींना जोडणाऱ्या पट्टीला) दोन बाजूंनी वीज येते: ग्रिडकडून ३२ च्या मेनमधून ३२ आणि सोलरकडून १३. बारमधून ४५ ओढले गेले तरी मेनला ३२ च दिसतात, तो पडत नाही. आजवर एवढा भारच नव्हता म्हणून निभावलं. गाडी आली की भार येतो. सोलरची लाइन मीटरजवळ, घराच्या मेनच्या आणि आरसीसीबीच्या अलीकडे म्हणजे मीटरच्या बाजूला, स्वतःच्या एमसीबीवर घ्या. आरसीसीबी विनाकारण पडण्याच्या निम्म्या तक्रारीही त्यानेच जातात.

---

इझार_किनारी

म्युनिकहून लिहितोय, थोडं वेगळं. इथे नेट मीटर नाही. छोट्या छतावरच्या विजेला ग्रिड साधारण ८ सेंट देतं आणि आपण घेतो तेव्हा ३५ च्या आसपास मोजायला लावतं. त्यामुळे इथे सगळा खेळ "उरलेल्या उन्हावर" गाडी भरायचा. मीटरपाशी बसवलेला सेन्सर किती वीज बाहेर जातेय ते सांगतो आणि वॉलबॉक्स तेवढाच करंट गाडीला देतो. ईव्हीसीसी नावाचं मुक्त सॉफ्टवेअर रास्पबेरी पायवर टाकून लोक हे करतात.

यात अडचण खालच्या टोकाला येते. चार्जर आणि गाडीमधल्या नियमात ६ अँपिअरच्या खाली करंट सांगताच येत नाही. सिंगल फेजवर ते १.३८ किलोवॅट, थ्री फेजवर ४.१४. छत ३ किलोवॅट देत असेल तर थ्री फेज गाडी ढिम्म हलत नाही, म्हणून फेज बदलणारे वॉलबॉक्स घेतात. ढग आला की चालू-बंद चालू-बंद होऊन काँटॅक्टर (आतला स्विच) झिजतो, म्हणून काही मिनिटांचा विलंब लावावा लागतो. आणि ६ अँपिअरवर गाडीचं स्वतःचं खाणं तेवढंच राहतं, दोन-तीनशे वॅट, म्हणजे हळू चार्जिंगमध्ये वाया जाणारा हिस्सा मोठा. जुन्या रेनो झोईची तर यासाठी ख्यातीच आहे.

करवीरकर, तुम्हाला यातलं काहीही आज लागत नाही. "सोलर स्मार्ट चार्जर" म्हणून कोणी दुप्पट किमतीचा डबा गळ्यात मारायला आला तर नेट मीटर दाखवा.

---

करवीर_काठ

डीबी उघडून बघितला. सोलर खरंच रिकाम्या एमसीबीवर आहे, आणि आरसीसीबीवर "टाइप एसी" छापलंय. मेन वायर ४ ची. वायरमनला शनिवारी बोलावलंय, अर्थ टेस्टर घेऊनच ये म्हणून सांगितलं. त्याने विचारलं, "बल्बवर नाय का चालत?"